काचमहाल आणि तेलकट बदकं

टिचकीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, लेक ‘बाबा’ म्हणते आणि उरलेली सगळी गल्ली टिचकीकाका. नाव पडलं ते बोटामुळे. काच दिसली की त्याचं बोट शिवशिवायचं. खिडकी असो, आरसा असो, पाहुण्याच्या हातातला पाण्याचा पेला असो, एक टिचकी मारून कान लावणार. टण्ण वाजली तर काच धडधाकट, ठप्प वाजली तर कुठेतरी तडा. लग्न ठरवायला गेला तेव्हा होणाऱ्या सासऱ्याच्या चष्म्यालाही त्याने टिचकी मारली होती. सासरे गेले, चष्माही गेला, पण बायको ते विसरलेली नाही.

ही खोड लागली काचमहालात. टेकडीवरच्या बागेत व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेला महाल, नुसता लोखंडाचा आणि काचेचा. आत आगगाडीच्या डब्याएवढी झाडं, कारंजं, भिंतभर ऑर्गन. बाहेर तळं, बदकं, बँडचा चौथरा. आता त्यातल्या फक्त रुंद दगडी पायऱ्या राहिल्यात. वर जातात आणि कुठेच पोचत नाहीत. माणसं त्यांवर बसून शेंगा खातात.

टिचकी अठराव्या वर्षी तिथे लागला. फुटलेली काच काढायची, नवी बसवायची. एका टोकाकडून सुरुवात केली की दुसरं टोक गाठेपर्यंत पहिल्या टोकाच्या काचा फुटायला लागलेल्या असायच्या. म्हणजे नोकरी जन्माची, असं सगळे म्हणायचे.

काच चौकटीत पक्की करायची ती लांबीने, म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेल्या लगद्याने. हात पुसून पुसून चिंध्या तेलाने चिंब व्हायच्या. तिथल्या मिस्त्रीचा एकच कायदा होता. “चिंधी तारेवर वाळत घाला. बोळा करून टाकाल तर ती आपली आपण तापते आणि पेटते. काडीसुद्धा लागत नाही तिला.” काम संपलं की तो तारेवरच्या चिंध्या मोजायचा आणि मगच हत्यारांच्या खोलीला कुलूप लावायचा.

सहा वर्षं टिचकीने हा कायदा पाळला. एकदाच मोडला. मिस्त्री रजेवर होता. दुपारी शेजारीण धापा टाकत फाटकावर आली. “अरे, तुझी बायको अडली आहे, चल लवकर!” टिचकीने हातातल्या चिंध्यांचा बोळा केला, हत्यारांच्या खोलीत बाकाखाली कोंबला आणि धूम ठोकली.

चार वाजता लेक झाली. दिवेलागणीला आभाळ लाल झालं. लोक म्हणाले, केवढा सुंदर सूर्यास्त! मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की सूर्य तर दुसरीकडे मावळतो.

महाल गेला. माणूस एकही दगावला नाही, पण दीडदोनशे जणांचं काम गेलं. चौकशी झाली. कारण सापडलं नाही. टिचकीला सापडलं होतं. तान्ही लेक मांडीवर घेऊन तो आभाळाकडे बघत होता तेव्हाच त्याला तो बोळा आठवला होता.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. पुढे एका दुकानात तसबिरींना काचा बसवत तो म्हातारा झाला. पण दरवर्षी लेकीच्या वाढदिवसाला सकाळी उठायचा, बूट घालायचा आणि बागेतल्या त्या पायऱ्यांवर दिवसभर जाऊन बसायचा. लेक सात वर्षांची असताना तिने विचारलं, “बाबा, आज थांबा ना.” तो म्हणाला, “काम आहे.” नऊ वर्षांची झाली आणि तिने विचारणं सोडलं. कुणा शहाण्या बाईने तिला सांगितलं होतं, तुझ्या बापाला मुलगा हवा होता.

यंदा वाचनालयाने टूम काढली की म्हातारी माणसं संपायच्या आत काचमहालाच्या आठवणी गोळा करायच्या. दिवाणखान्याएवढ्या कापडावर अख्ख्या बागेचा नकाशा काढला. जे जिथे घडलं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि तिथे टाचणीने लावायचं. लेक आली आणि म्हणाली, “बाबा, चला. तुमच्याएवढी माहिती कुणाला आहे?”

टिचकी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी लिहिली, ‘आग माझ्या चिंध्यांमुळे लागली’, आणि खिशात घातली. मरायच्या आधी एकदा सांगून टाकावं. लेकीने तोंड फिरवलं तर फिरवलं. तसंही तिने ते त्याच्याकडे कधी पुरतं वळवलंच नव्हतं.

वाचनालयात ही गर्दी. नकाशात कारंज्यामागे चार चिठ्ठ्या, चारही ‘इथे त्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला’ म्हणणाऱ्या.

“चौघी एकाच कारंज्यामागे?” टिचकीची बायको म्हणाली. “रांग लावली होती की काय?”

तळ्याजवळ जुन्या माळ्याची चिठ्ठी होती. ‘महाल जळाला त्या दुपारी कुण्या चांडाळाने माझी बदकं तेलात बुडवली. तो मला अजून सापडलेला नाही.’ लोक वाचून हसत होते. टिचकी हसला नाही. त्याची नजर हत्यारांच्या खोलीवर होती, आणि तिथे आधीच एक चिठ्ठी लावलेली होती. कुणीतरी पाहिलं होतं तर!

“वाच,” तो लेकीला म्हणाला. “माझ्या चष्म्यातून नीट दिसत नाही.”

लेकीने वाचलं. “‘मी इथे झाडू मारायची. आग लागली त्या दुपारी बाकाखाली तेलकट चिंध्यांचा बोळा मिळाला. चांगला गरम लागला हाताला, आणि वास असा की पोटातलं वर यावं. उचलला आणि तळ्यात फेकला. बदकांनो, माफ करा.’”

“परत वाच.”

तिने परत वाचलं.

“कुठे आहे ही बाई?”

बाई तिथेच होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहात बिस्किट बुडवत होती.

“अरे टिचक्या! तू अजून आहेस होय?”

“मावशी, किती वाजता फेकलास बोळा?”

“बस तरी आधी.”

“किती वाजता?”

“तीनची घंटा झाल्यावर. तळं बुडबुडलं बघ नुसतं.”

“सगळा? एखादी चिंधी मागे राहिली असेल.”

झाडूवाल्या मावशीने बिस्किट खाली ठेवलं. “माझं झाडणं तसलं होतं का रे? खाली वाकून हात घालून बघितलं मी. बाकाखाली धूळसुद्धा नव्हती.”

“मग कुणाला बोलली का नाहीस?”

“कशी बोलू? माळी काठी घेऊन हिंडत होता. मीही त्याच्याबरोबर ओरडत हिंडले, कोण मेला तो म्हणून! महाल गेला तरी बाग झाडायचं काम होतं, त्यावरून काढलं असतं मला.” तिने आवाज खाली आणला. “आज लिहिलं, म्हटलं या वयात आता काय काढणार? तर तो मेला अजून जिवंत! परवा येऊन चिठ्ठी लावून गेला.”

“मग आग कशाने लागली?”

“ते मला काय ठाऊक? मी बदकांचं सांगते.”

टिचकी मटकन बाकावर बसला. आधी हसला, मग डोळे पुसले, मग परत हसला. लेक घाबरून जवळ आली. त्याने खिशातली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

तिने ती उभ्याउभ्या वाचली. मग तिची नीट घडी घातली.

“म्हणून दर वाढदिवसाला...”

“तुझं तोंड बघितलं की मला ते आभाळ दिसायचं.”

“मला वाटायचं, मी तुम्हाला नको होते.”

“वेडी! तुझ्यासाठीच तर पळत आलो होतो. मिस्त्रीचा कायदा मोडून.”

टिचकीची बायको कमरेवर हात देऊन उभी होती. “बावन्न वर्षं! अहो, मला एका शब्दाने बोलला असतात तर मी त्याच आठवड्यात बागेत जाऊन चार बायकांना विचारून आले असते. पुरुषांना दुःख करायला फार वेळ असतो.”

टिचकीने नवी चिठ्ठी मागितली आणि ती बागेच्या फाटकावर लावली. ‘इथून मी पळत घरी गेलो. चार वाजता मला मुलगी झाली.’

पुढच्या महिन्यात वाढदिवस आला. टिचकी सकाळी उठला आणि बूट घालायला लागला. बायकोचा चेहरा पडला.

“आता कुठे निघालात?”

“तूही चल. चप्पल घाल.”

दोघं लेकीच्या दारी पोचली. दाराला वरच्या बाजूला काच होती. घंटी होती, पण टिचकीने काचेवर बोट मारलं, टण्ण, आणि खुश होऊन बायकोकडे बघितलं.

आतून लेक ओरडली, “आले, बाबा!”