शलमोनच्या गाडीतली जागा

शलमोन गायकवाड माझ्या शेजारी अकरा वर्षं राहिले. दोन घरांच्या मध्ये नुसतं तारेचं कुंपण. तरी त्यांच्याविषयी मला फार थोडं ठाऊक आहे. त्यांना काय खायला आवडे, बायको गेल्यावर एकटेपणा त्यांनी कसा काढला, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचा मला संकोच वाटतो, आणि लिहायचा तर त्याहून जास्त. पुढचं सगळं त्यांनी कुंपणाशी उभं राहून तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं आहे. थोडं त्यांच्या मुलीनं, एंजेलानं, नंतर सांगितलं. सांगण्यात काही चुकलं तर ती चूक माझी.

शलमोन मूळ इथलेच, देवळालीचे. वडील मिशनच्या दवाखान्यात पहारेकरी होते. शलमोन शुगर फॅक्टरीत लागले ते वजनकाट्यावर. तीस वर्षं उसाच्या गाड्या काट्यावर चढताना आणि उतरताना पाहिल्यामुळे कुठल्या गाडीत काय आणि किती मावेल, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. निवृत्तीनंतर त्यांनी राहुरीच्या एका डॉक्टरांची जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. पेट्रोल झेपेना म्हणून गॅस बसवला, तर गॅसच्या टाकीनं सगळी डिकीच खाल्ली. उरल्या जागेत एक स्टेपनी आणि एक पिशवी. "पप्पा, गाडी तुम्ही टाकीला फिरवायला घेतलीय का?" असं एंजेला म्हणायची.

त्यांच्या चर्चमध्ये दिवाळीनंतर कापणीचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं तो वेदीपुढं आणून ठेवतो. बाजरी, भोपळे, तुरीच्या शेंगा, उसाची मोळी, कोंबडी, अंडी. पाळक एकेकाचं नाव वाचतात, प्रार्थना होते आणि मग चर्चच्या आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वस्तीवरून येणं जमत नाही, त्यांचं अर्पण गोळा करून आणायचं काम शलमोनकडे होतं. कुणी दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी गाडी घेऊन गेले आणि मग ते त्यांचंच होऊन बसलं.

त्या दिवशी ते पहाटे चारला उठत. सर्वांत लांबच्या वस्तीपासून सुरुवात करत आणि चर्चकडे येत येत गाडी भरत. भोपळे पुढच्या सीटच्या पायथ्याशी, बाजरीची पोती मागच्या सीटवर, उसाची मोळी दोन सीटच्या मधून थेट पुढच्या काचेपर्यंत, अंडी टॉवेलात गुंडाळून पुढच्या कप्प्यात. कुणाचं काय, हे कागदावर लिहायचे नाहीत. सगळं डोक्यात. आणि एक नेम होता, तो कुणी घालून दिला ते त्यांनाही माहीत नव्हतं. एकदा गाडीत ठेवलेलं अर्पण वेदीपर्यंत खाली उतरवायचं नाही. देवाला काढलेलं मध्येच कुणाच्या उंबऱ्यावर टेकवणं त्यांना पटत नसे.

चर्चच्या अलीकडची शेवटची वस्ती रेबेका मावशींची. वय ऐंशीच्या आसपास, मुलगा मुंबईला, घरात एकट्या. दर वर्षी त्या एक कोंबडी पाय बांधून तयार ठेवत. गेल्याच्या गेल्या वर्षी सणाच्या आधी दोन दिवस शलमोन दूध आणायला तिकडून जात होते, तेव्हा मावशींनी त्यांना थांबवलं.

"शलमोन, औंदा मला बी ने. कोंबडी माज्या हातानं ठेवती."

शलमोन हो म्हणाले. रिक्षात मावशींचे पाय दुमडत नव्हते, मोटरसायकलवर बसवत नव्हतं. सात वर्षं त्यांनी चर्चचं आतलं अंग पाहिलं नव्हतं.

सणाच्या दिवशी शलमोन नेहमीच्याच वाटेनं निघाले. आधी लांबच्या वस्त्या, शेवटी मावशी. सवयीच्या माणसाचं असं होतं. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोनदा अडकले, तरी वेळेत पोचले. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, कोंबडी काखेत धरून ओट्यावर बसलेल्या. आणि त्यांना बघितल्यावर शलमोनच्या लक्षात आलं. मावशींचे गुडघे वाकत नाहीत. पुढची सीट पुरती मागं सरकवली तरच त्या बसणार. सीट मागं सरकवायची तर मागची पोती, मोळी सगळं काढायला हवं. आणि काढायचं तर नाही. त्यांनी स्टेपनी काढून मावशींच्या ओट्यावर ठेवली आणि एक पोतं डिकीत कोंबायचा प्रयत्न केला. टाकीपुढं पोतं बसेना.

मावशीच म्हणाल्या, "जा तू. हे टाकून ये परत. मी हायेच इथं." आणि कोंबडी त्यांच्या हातात दिली.

चर्चमध्ये गाडी रिकामी झाली. पण कुणाचं कोणतं, हे सांगायला तेच हवे होते, म्हणून नावं वाचून होईस्तोवर थांबणं भाग पडलं. मग ते मागच्या बाकावर टेकले. एक मिनिट, असं मनाशी म्हणाले. हे मला सांगताना ते बराच वेळ तारेवरचा गंज नखानं खरवडत होते. "विसरलो न्हाई भाऊसाहेब. डोळा लागला."

उठले तेव्हा आवारात लिलाव आटोपून लोक डाळभात जेवत होते. शलमोन न जेवता वस्तीवर गेले. मावशी तशाच ओट्यावर बसलेल्या, शेजारी स्टेपनी. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शलमोन म्हणायचे. त्यांनी चहा टाकला आणि विचारलं, "माजी कोंबडी कुनी घेतली?"

लिलावाच्या वेळी तर शलमोन बाकावर झोपलेले.

ते वर्ष त्यांचं वाईट गेलं. गुडघ्यांवर सूज, रात्री खोकला, आणि दर रविवारी चर्चला जाताना मावशींच्या वस्तीवरून जायचं. मावशींना घेऊन का जात नव्हता, असं मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, विचारलं होतं, पण मावशी म्हणाल्या, सणालाच येईन, कोंबडी घेऊन.

दिवाळी झाली तसे ते लांबच्या वस्त्यांवर जाऊन सांगून आले, की या वर्षी माझी गाडी येणार नाही, अर्पण जोसेफच्या टेम्पोत द्या. जोसेफ सिमेंटच्या पोत्यांची ने-आण करणारा माणूस. लोकांना ते रुचलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर तोंड फिरवलं. जोसेफनं चर्चसमोर चारचौघांत टोला हाणला, "सगळी गाडी एका म्हातारीला? आन् देवाचा माल माज्या टेम्पोत?"

शलमोन म्हणाले, "तुजा टेम्पो मोटा हाय. देवाला चालतंय."

सणाच्या रविवारी त्यांनी पुढची सीट पार मागं सरकवली, मागं काहीच ठेवलं नाही, आणि थेट मावशींकडे गेले. एंजेला पुण्याहून आली होती, तिनं चर्चमध्ये पाहिलं ते सांगितलं. कुणाचं कोणतं, ते पाळकांना जोसेफनं सांगितलं आणि त्यातली दोन नावं चुकली. लोक शलमोनकडे बघत राहिले, पण माल त्यांनी भरलाच नव्हता, तर ते सांगणार काय. रेबेका मावशी काठी टेकत मधल्या वाटेनं चालत गेल्या. निम्मं चर्च उभं राहून वाट बघत होतं. त्यांनी कोंबडी वेदीपुढं ठेवली आणि पाळकांना मोठ्यानं बजावलं, "संबाळून हं. अंड्यावरची हाय." लोक हसले. शलमोनला ते हसू ऐकू आलं की नाही कोण जाणे. एंजेला म्हणते, पप्पांचे डोळे मिटलेले होते, पण ते झोपलेले नव्हते.

मंगळवारी एंजेला त्यांना तपासणीसाठी पुण्याला घेऊन गेली. तिथून ते परत आले नाहीत. आमचं शेवटचं बोलणं झालं ते त्या रविवारी संध्याकाळी. ते गाडीला टेकून उभे होते, दमलेले दिसत होते.

मी विचारलं, "मावशींना नीट नेलंत ना?"

"नेलं की. पर वाटंत दोनदा थांबलो. तिला गाडी लागती."

"मग हो?"

"मग काय, लिंबू दिलं हुंगायला." त्यांनी गाडीचं दार लावलं. "तुमच्याकडं लाईट हाय का?"

"मगाशीच आली."

"मग पान्याची मोटर लावून घेतो," म्हणाले.