मर्लीन मावशीचे हात पाठीमागे

तुमचा उमेदवार एकतीस मतांनी पुढे आहे, आणि तुमच्या ढिगात समोरच्या पक्षाचा पन्नास मतांचा गठ्ठा चुकून पडलेला तुम्हाला दिसला. दुसऱ्या कुणालाच दिसला नाही. तुम्ही बोलाल?

लगेच ‘हो’ म्हणू नका. मीही वर्षानुवर्षं चौकाचौकात उभा राहून ‘हो’च म्हणत आलो होतो.

मर्लीन टाना आमच्या पक्षाच्या डोरिंगा शाखेची. तिला सगळे मावशीच म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिच्या आजोबांना बेटावरून जहाजात घालून इथे ऊस तोडायला आणलं होतं. आजोबांनी ऊस तोडला, बापाने तोडला. मावशीने मात्र इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरी धुतल्या. हात असे की चहाची उकळती किटली कापडाशिवाय उचलायची.

पक्षाचं सभासदत्व तिने विशीत घेतलं. धुलाईखान्यातल्या बायकांना पुरुषांइतका पगार नव्हता, त्याचं भांडण पक्षाने लावून धरलं म्हणून. तेव्हापासून एकही निवडणूक तिने घरी बसून काढली नाही. शाळेच्या फाटकाबाहेरच्या वडाखाली थर्मास घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात आमचं पत्रक द्यायची. दारापासून सहा मीटरच्या आत प्रचार करायचा नाही, असा आमच्याकडे कायदा. मावशी सकाळी स्वतः पावलं मोजून खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून मलाच हाकलायची.

“टुलियो, बूट मागे घे.”

“मावशी, चार बोटं पुढे आहे फक्त.”

“ती चार बोटं तुझ्या बापाची नाहीत. मागे.”

मी साखर कारखान्याच्या युनियनचा माणूस. शाळा नववीत सुटली. कायदा शिकलो तो कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, दुसऱ्यांच्या नोटिसा वाचून. मला रेघ दाखवणारी माणसं आवडत नाहीत. पण मावशीचं ऐकायचो. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

रोशेल तिची भाची. आई लवकर गेली, तेव्हा सहा वर्षांची पोर मावशीने घरी आणली. आमची पत्रकं घड्या घालतच ती मोठी झाली. पुढे नर्स झाली, इस्पितळातल्या खाटा कमी केल्या तेव्हा तिने अख्खं गाव रस्त्यावर आणलं, आणि पक्षाने तिला विधानसभेची उमेदवारी दिली. आमच्या मतदारसंघात बेटवाल्यांच्या घरातली पहिली उमेदवार. मावशी महिनाभर दारोदार फिरली. गुडघ्यांवर पट्टे बांधून.

मतदानाच्या रात्री काही ठरलं नाही, इतकी चुरस. पुढच्या गुरुवारी सकाळी जुन्या नाचघरात शेवटची मोजणी लागली. आमच्याकडे मत म्हणजे एका नावापुढे फुली नाही. सगळ्या उमेदवारांपुढे आवडीप्रमाणे एक, दोन, तीन, चार असे आकडे लिहायचे. ज्याला सगळ्यात कमी मतं तो बाद, आणि त्याच्या मतपत्रिका दोनचा आकडा ज्याला असेल त्याच्याकडे जातात. त्या दिवशी मासेमारीवाला उमेदवार बाद झाला होता, आणि त्याच्या मतपत्रिकांची वाटणी चालली होती.

प्रत्येक पक्षाचे दोन-दोन प्रतिनिधी टेबलाशी उभे राहतात. पाहायचं, शंका आली तर बोलायचं, पण कागदाला बोट लावायचं नाही. बोट लावलं की बाहेर. म्हणून मावशी हात पाठीमागे एकमेकांत अडकवून, कंबरेत वाकून पाहायची. शेजारी मी. समोरच्या पक्षाचा क्लाइव्ह हाबेरेश्ट, ऊसवाला शेतकरी, चष्मा गाडीत विसरून आलेला. त्याचा दुसरा माणूस बाहेर खिम्याची पॅटिस खात होता.

“क्लाइव्ह,” मावशी म्हणाली, “चष्मा आण जा.”

“गाडी लांब लावलीय.”

“मग काय वासावरून मोजणार आहेस?”

तो हसला. गेला नाही.

टेबलावरचे कर्मचारी पाच दिवस तेच करून थकलेले. पन्नास मतपत्रिका झाल्या की रबर लावायचं, वर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि गठ्ठा त्या-त्या ढिगावर टाकायचा. साडेअकराच्या सुमारास एका बाईने गठ्ठा बांधला, चुकीच्या खणातली चिठ्ठी उचलून वर ठेवली, आणि गठ्ठा रोशेलच्या ढिगावर आला. तपासणाऱ्या माणसाने कोपऱ्यावरून अंगठा फिरवून पन्नास मोजले. पन्नासच होते. आकडा कुणाचा, ते त्याने पाहिलं नाही.

मी पाहिलं होतं. ‘दोन’ सगळ्यात खालच्या, म्हणजे क्लाइव्हच्या उमेदवाराच्या चौकोनात होता, आणि रोशेलचा चौकोन त्याच्या वरचा.

मावशीनेही पाहिलं. तिची मान जराशी पुढे गेली, त्यावरून मला कळलं. मी तिच्या कोपराला कोपर लावलं आणि ओठ न हलवता म्हणालो, “नाही हं.”

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

“मावशी, आपलं काम आपली मतं राखायचं. त्यांची राखायला त्यांचा माणूस आहे.”

“त्याच्याकडे चष्मा नाही.”

“ती चूक आपली आहे?”

नाचघराच्या त्या टोकाला रोशेल कुणाशीतरी फोनवर बोलत होती, एक हात कमरेवर, अगदी मावशीसारखी. मावशीने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक गठ्ठा बांधायला लागतो तेवढा वेळ. पाठीमागे तिचे हात मला दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळलं होतं.

मग ती सरळ झाली आणि मोठ्याने म्हणाली, “साहेब, वरून तिसरा गठ्ठा. चिठ्ठी चुकलीय.”

रबर निघालं. पन्नासच्या पन्नास समोरच्याची मतं. आमची पन्नास कमी झाली, त्यांची पन्नास वाढली. एकतीसने पुढे असलेली रोशेल एकोणसत्तरने मागे गेली, आणि संध्याकाळी चारला त्याच फरकाने हरली.

रोशेल टेबलापाशी आली होती. “मावशी, नक्की?”

“नक्की.”

“बरं.” तिने मावशीची पिशवी उचलली.  गाडीत बसल्यावर दोघी बराच वेळ तशाच बसून होत्या, गाडी सुरू न करता. ते मला काचेतून दिसलं आणि माझं डोकं जास्तच फिरलं. जिचं नुकसान झालं ती गप्प, म्हणजे ओरडायचं काम माझ्याकडे आलं असं मी धरून चाललो.

क्लाइव्ह फाटकाशी भेटला. टोपी हातात. “मर्लीनला आमच्या पक्षात ये म्हणायची हिंमत नाही रे माझी.”

“एवढी अक्कल आहे ना, मग चष्माही आणायचा होतास,” मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी शाखेची बैठक. ठराव मी लिहिला: पक्षहिताला बाधा आणल्याबद्दल मर्लीन टाना यांचं आजीव सभासदत्व रद्द करावं. माझ्या हाताने लिहिला, तीनदा खोडून. वाचून दाखवला तेव्हा रोशेल उभी राहिली.

“टुलियो काका, तुम्ही माझे फलक लावलेत, मी विसरणार नाही. पण मला हिने वाढवलंय. फलक पुन्हा छापता येतात.”

“हा घरचा प्रश्न नाही, पोरी. ही संघटना आहे. आम्ही महिनाभर घाम गाळला आणि हिने एका वाक्यात—”

“त्या वाक्यात खोटं काय होतं?”

  मी अध्यक्षाकडे वळून म्हणालो, “मतदान घ्या.”

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्या शाखेत हात मोजायचं काम बावीस वर्षं मावशीचं. अध्यक्षाने घसा खाकरला, दुसऱ्या कुणाला सांगू का म्हणाला. पण मावशी चहाचे कप बाजूला सारून आधीच उभी राहिली होती.

“ठरावाच्या बाजूने. हात नीट वर धरा, खाली-वर करू नका.”

ती रांगेरांगेने चालत मोजू लागली. प्रत्येकाच्या तोंडाकडे नाही, हाताकडेच पाहत. एक, दोन, तीन. धुलाईखान्यात तिच्या शेजारी काम केलेल्या एका बाईचा हात वर होता, तोही तिने मोजला. माझ्यापाशी आली. माझा हात खांद्याच्या वर जेमतेम गेलेला.

“टुलियो, हा हात आहे की मान खाजवतोयस?”

दोघं-तिघं हसले. तिने अगदी साधं विचारलं होतं. तिला खरंच मोजायचं होतं. मी तेव्हा हात खाली घेतला असता तर तिला चाललं असतं, ती पुढे गेली असती. पण लोक हसले होते ना! मी हात सरळ वर ताठ केला.

“नऊ,” ती म्हणाली. “विरुद्ध?” पुन्हा फिरली. “आठ. मी मत दिलेलं नाही. ठराव मंजूर.”

मग तिने छातीवरचा बिल्ला काढून अध्यक्षापुढे ठेवला, आणि कप उचलून मोरीत धुवायला घेतले, कारण ते दर बैठकीला तीच धुवायची. रोशेल तिच्या शेजारी फडकं घेऊन उभी राहिली. आम्ही खुर्च्या रचत होतो. एरवी त्या वेळी केवढा गोंगाट असतो.

एक हात. माझा नसता तर आठ-आठ, आणि ठराव पडला असता.

पुढे दीड वर्षाने गावाच्या नगरपालिकेची निवडणूक आली. मी मत द्यायला शाळेत गेलो, रांगेत लागलो, नंबर आला आणि टेबलामागे मर्लीन मावशी. गळ्यात कर्मचाऱ्याचं ओळखपत्र, पुढ्यात मतदार यादी, हातात पट्टी. निवडणुकीच्या कामाला पक्षाचा सभासद घेत नाहीत. आता ती कुठल्याच पक्षाची नव्हती, म्हणून अर्ज केला होता.

“मावशी, मी जरा—”

“पूर्ण नाव?”

“मावशी, तुला माझं नाव माहीत नाही का?”

“पूर्ण नाव.”

सांगितलं.

“पत्ता?”

तिच्या घरापासून चौथं घर. तेही सांगितलं.

“या निवडणुकीत याआधी मत दिलंय का?”

“नाही.”

तिने पट्टी लावून माझ्या नावावर रेघ ओढली, सरळ, आणि मतपत्रिका दिली. मी तिथेच उभा. मागे रांग. ती हळूच म्हणाली, “गुडघा कसा आहे तुझा?”

“दुखतो.”

“रविवारी ये. माझ्याकडे लावायला तेल आहे. आता चल, लोक खोळंबलेत.”

त्या रविवारी मी गेलो. ती ओट्यावर कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, किसत होती. केळीच्या पानांत भरून नारळाच्या दुधात शिजवतात तो पदार्थ, तिच्या आजीचा. रोशेल पानं पुसत होती. मी खुर्चीत बसलो. मला वाटलेलं, बोलायला शब्द सापडतील. माझं पोट शब्दांवरच चाललंय. सापडेनात.

“बापाला तुझ्या बेटवाला म्हणून एकदा मतदान केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं ना,” शेवटी मी म्हणालो. “म्हणून बोललीस का तू त्या दिवशी?”

तिने किसणी थांबवली. “काय रे टुलियो, प्रत्येक गोष्टीचं भाषण करतोस. मला गठ्ठा दिसला, म्हणून बोलले.”

“आणि रोशेल?”

“रोशेल हरली ते वाईटच झालं,” ती म्हणाली, आणि किसू लागली. थोड्या वेळाने, मान खालीच ठेवून: “त्या रात्री मी खूप रडले. पोरीला कळलं नाही.”

“कळलं होतं,” रोशेल म्हणाली.

 मावशीने हात पुसून पोरीच्या डोक्यावरून एकदा फिरवला, आणि केसांना किस लागला म्हणून ती वैतागली.

मी म्हणालो, “तुझं सभासदत्व परत द्यायचा ठराव मांडतो मी.”

“अजिबात नको. माझं काम जाईल. पुढच्या वेळी अख्ख्या केंद्राची प्रमुख करणार आहेत मला.” मग माझ्याकडे पाहिलं. “मत अजून आपल्याच पक्षाला देते, बरं का. ते नाही तुम्हाला काढून घेता येत.”

तेलाची बाटली मी घरी आणली. माफी मागायची राहिलीच. मागायला गेलो की ती दुसरंच काहीतरी विचारते. म्हणून इथे लिहून टाकतोय. ती वाचेल. वाचून, व्याकरण चुकलंय म्हणेल.

तुम्हाला एक मागायचं आहे. तुमच्या पक्षात, युनियनमध्ये, गावच्या मंडळात, कुठेही, आपल्याच लोकांचं नुकसान करून खरं बोललेली कुणी बाई, कुणी माणूस असेल. तिच्याविरुद्ध ठराव येईल तेव्हा लगेच हात वर करू नका. बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जा, ती जे किसत-निवडत असेल त्यात हात घाला, आणि तिला बोलू द्या. मी दीड वर्ष उशिरा गेलो. तुम्ही वेळेवर जा.