विमानवाहू जहाजाचा अर्ज

नव्वदच्या दशकात मी जुन्नरच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहीत असे. शिक्षण आठवीपर्यंतचे; तथापि माझा मसुदा परत आल्याचे उदाहरण विरळच.

एके दिवशी डिंगोऱ्याचे एक निवृत्त नौसैनिक आले. विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमाने ढकलण्यात त्यांची उमेदीची वर्षे सरली होती. ते जुने जहाज आता मोडीत काढणार, असे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. ते सेवेत ठेवावे, असा अर्ज त्यांना दिल्लीस पाठवायचा होता.

बांधाच्या तंट्यात मी प्रतिपक्षाचे आक्षेप प्रथम मांडून मग खोडत असे. येथेही तेच केले. जहाज अवाढव्य, शत्रूच्या क्षेपणास्त्रास सोपे, रक्षणास इतर जहाजे गुंतवणारे. या आक्षेपांनीच पहिले पान भरले. प्रथेप्रमाणे सहीपूर्वी मी मोठ्याने वाचू लागलो.

जमिनीच्या फेरफाराच्या नकलेसाठी थांबलेले मढ गावचे एक शेतकरी मध्येच म्हणाले, "खरंय की राव! एक बाँब पडला की इमानं बी गेली अन् जहाज बी."

"पावणं, जिमिनीवरची धावपट्टी काय लपून बसती व्हय? ती तर जागची हलत बी न्हाई," नौसैनिक म्हणाले. "अन् लांबच्या दर्यात इमान उतरवायला कुणाच्या दारात जागा मागायची? दुसऱ्याच्या रानातनं वाट मागितली की काय व्हतं, ते हितं बसलेल्या समद्यांना ठावं हाय."

वाटेच्या दाव्यांचे तिघे पक्षकार तेथेच होते. ते हसले. हा मुद्दा मला सुचला नव्हता. मी तो तत्काळ दुसऱ्या पानावर घेतला.

"पर तुमचं म्हातारं जहाज जाईल का तितक्या लांब?" मढकरांनी विचारले.

"न्हाई," नौसैनिक म्हणाले. "बॉयलर थकल्यात त्याचं." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, शेवटची मागणी खोडा. लिवा, जुनं गेलं तरी चालंल, पर त्याच्या जागी नवं पायजेच."

त्यांची बाजू आता अधिक बळकट झाली, असे माझे मत पडले. मी जहाज वाचवण्याची ओळ खोडली. खाडाखोडीपाशी अर्जदाराची सही लागते, अन्यथा कागद ग्राह्य धरत नाहीत. मी बोटाने जागा दाखवली. त्यांनी आधी खोडलेली ओळ पुन्हा वाचली, आणि मग तिच्याशेजारी सावकाश, पूर्ण नावाने सही केली.