काळं सिंक आणि बोअरचं पाणी

केडगावच्या आमच्या घरी स्वयंपाकघर नवं करताना सिंकवरून माझं आणि बायकोचं जमेना. मला एक मिलिमीटर जाड पत्र्याचं स्टीलचं हवं होतं, तिला काळं, दगडासारखं दिसणारं क्वार्ट्‌झचं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. काळ्यावर डाग पडणार हे दाखवायला मी तेच पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं आणि मांडलेल्या दोन्ही सिंकमध्ये थोडं थोडं ओतलं. ते वाळेपर्यंत दुकानदाराने चहा पाजला.

"काका, सिंक घेताय का सोयरीक जमवताय?" त्याने विचारलं.

पाणी वाळलं तेव्हा काळ्या सिंकमध्ये पांढरी रांगोळी उमटली होती. स्टीलवरचा डाग मात्र शोधावा लागत होता. मी बायकोकडे पाहिलं. तिने शांतपणे पिशवीतून घरचा भाकरीचा लोखंडी तवा काढला आणि काळ्या सिंकमध्ये सोडला. नुसतं धप्प झालं, ओरखडाही उठला नाही. मग तोच तवा स्टीलमध्ये सोडला, तर शेजारचा दुकानदार काय पडलं ते बघायला बाहेर आला.

"पहाटे भांडी मी घासते, तेव्हा झोपलेले तुम्ही असता," ती म्हणाली. "आता ठरवा."

"पण डाग कोण पुसणार?"

"ज्याला दिसतात त्याने."

काळं सिंक घरी आलं. रोज जेवणं झाली की मी ते कोरड्या फडक्याने पुसतो. पाहुण्या बायका त्याची चकाकी बघून चौकशी करतात, तेव्हा बायको सांगते, "घ्या बिनधास्त. याला काहीच करावं लागत नाही."