मोतालेब भावजींनी खाल्लेला शेंडा

आमच्या फरीदपूरकडे ताग दरसाल बुटका होत चालला होता. माझे धाकटे दीर मोतालेब सोडले तर ते कुणाला खटकत नव्हतं. उंच, चांगला ताग फुलायच्या आधीच कापायचा, कारण सालीतला धागा, म्हणजे वाख, तेव्हाच चांगला निघतो. बियाला मागे उरायचं ते बांधावरचं मरतुकडं, गुरांनी तोंड लावलेलं. म्हणजे धडधाकट पोरं लग्नाआधीच परदेशी धाडायची आणि वंश वाढवायचा घरातल्या आळशानं. बाजारचं बी आणून पाहिलं, तर ते गुडघ्याएवढं असतानाच फुलून बसलं.

तेव्हा मात्र आमचे हे चिडले. धाकट्या भावाला म्हणाले, "मोतालेब, यंदा चांगलं बी धरून दाखव. नाहीतर चैत्रात शेत खणून तळं करतो आणि मासे सोडतो."

भावजी मला म्हणाले, "वहिनी, मी काय माशांची दाई होऊ?" पण हसले नाहीत. त्या शेतापलीकडे त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

श्रावणात पाणी चढायला लागलं आणि कापणीची घाई झाली. झाड उभं ठेवलं तर पुरात जाणार. कापलं तर बी जाणार. आणि कापून, कुजवून, सोलल्याशिवाय आत वाख किती ते कळत नाही. भावजी माझ्या दारात आले.

"वहिनी, तुमचा भोपळ्याचा वाफा द्या."

"आणि भोपळा कुठं लावू, तुमच्या डोक्यावर?"

"शेंडे लावायचेत. ओल्या मातीत रुजतात. काडी तिकडे पाण्यात कुजेल, शेंडा इकडे बी देईल."

अंगणात तेवढीच उंच जागा होती. दिली.

सगळ्यात उंच झाडांचे शेंडे त्यांनी पोरीची वेणी घालावी तसे हलक्या हातानं लावले. एक झाड मात्र बुटकं होतं, बुंधा माझ्या अंगठ्याहून जाड. ते वेगळं बांधलं, भावाला दाखवायला, की बघ, असल्याचं बी आपण आजवर धरत आलो. त्याचा शेंडा माझ्या सुपात टाकला. "याची भाजी करा." मी लसूण-मिरचीवर परतली. भावजींनी दोनदा भात घेतला.

काड्या कुजल्यावर आम्ही कमरेएवढ्या पाण्यात सोलायला उभे राहिलो. उंच झाडांचा वाख लांबच लांब निघाला, पण माझ्या आताच्या वेणीसारखा, नुसतं शेपूट. बुटक्याची ती एक काडी सोलली आणि भावजींची मूठ भरली. ते मुठीकडे बघतच राहिले.

"वहिनी, ती भाजी..."

"कसली भाजी?"

"काही नाही."

मार्गशीर्षात वाफ्यातल्या शेंड्यांना शेंगा धरल्या. आमचे हे खूश. "उंच झाडांचं बी! आता तळं नको." भावजी गप्प राहिले असते तर शेत निदान वर्षभर तरी वाचलं असतं. पण जेवताना म्हणाले, "दादा, हे पेरू नकोस. नुसती उंची आहे, अंगात काही नाही. ज्याच्या अंगात होतं, त्याचा शेंडा मी खाल्ला."

हे आधी खो खो हसले. मग पानावरून उठले. म्हणाले, "म्हणजे बी नाहीच ना?"

चैत्रात शेत खणलं. पहिली कुदळ भावजींनीच मारली, दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही.

आता ते लोकांच्या शेतात शिरून बुंधे चिमटीत धरून बघतात. मालक ओरडतो, "काय मियाँ, नाडी बघताय का?" उंच आणि जाड असं एखादं सापडलं की त्याला चिंधी बांधतात. "कापाल तेव्हा याचा शेंडा मला द्या हो." मालक हो म्हणतो. कापणीच्या घाईत चिंधी कोण बघतो?

गेल्या श्रावणात भावजी शेजाऱ्याच्या डबक्यात उतरून चिंधीची काडी शोधत कुजलेले गठ्ठे उलटेपालटे करत होते. मी काठावरून म्हटलं, "अहो, शेंडा तर केव्हाच गेला. आता चिंधी घेऊन काय करणार?"

"वाख किती होता, तेवढं तरी बघू द्या, वहिनी," म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा ओढला.