दोन खटके जास्त

त्यांना सगळे खात्रीभाऊ म्हणत. ट्रकवर माल बांधायचं त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांनी बांधलेला एकही खोका रस्त्यावर पडला नव्हता, आणि या गोष्टीचं त्यांना स्वतःलाच भारी कौतुक होतं. दुसऱ्याने आवळलेल्या पट्ट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. प्रत्यक्ष मालकाने आवळला तरी हे जाऊन पट्टा ताणायचा दांडा आणखी दोन खटके ओढणार, उरलेल्या टोकाची दुहेरी घडी करून आत खोचणार, वर थाप मारणार, तेव्हा कुठे ट्रक सुटणार. घरीही तीच तऱ्हा. बायकोने गॅस बंद केला की हे उठून बघणार. बरं, बघून झाल्यावर "बंद आहे हं" असं तिलाच सांगणार. दुसरीचं डोकं फिरलं असतं, पण ती आपली "हं" म्हणायची.

डेपो या नव्या शहरात हलला आणि तिला शाळेच्या प्रयोगशाळेतली एकोणीस वर्षांची नोकरी सोडावी लागली. दोन महिने ती खिडकीशी नुसती बसून असे. भाऊंना ते दिसत होतं, पण करणार काय? माणसाला काही पट्ट्याने आवळून ठेवता येत नाही.

तिसऱ्या महिन्यात ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली आणि भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. रोज चारला बाहेर, सहाला घरी. गाल लाल. तळव्यांना गवताचे हिरवे डाग.

"कुठे गेली होतीस?"

"फिरायला."

"अनवाणी?"

"चपला चावतात."

चपला पाच वर्षांच्या जुन्या. त्या आत्ता कुठून चावायला लागल्या? मग एके दिवशी तिचा फोन वाजला आणि भाऊंनी बघायचं नव्हतं तरी बघितलं. 'न्हावी' नावाने निरोप होता : उद्या चारला या, वाट बघतो. आता बाईमाणसाचं न्हाव्याकडे रोज काय काम असतं हो? भाऊंनी विचारलं नाही. विचारलं तर ती सावध होईल, असा त्यांचा हिशेब. खरं म्हणजे उत्तराची भीती वाटत होती. इतक्या वर्षांची बायको हातातून सुटतेय की काय, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

सुट्टीच्या दिवशी ते तिच्या मागोमाग निघाले आणि बागेतल्या पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले. पन्नाशीच्या माणसाला शोभत नव्हतं, पण बसले.

दोन झाडांच्या मध्ये, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक पट्टा बांधला होता. माल बांधायचा असतो तसाच, खटक्यांच्या दांड्याचा. आणि त्यावर त्यांची बायको अनवाणी चालत होती. चार पावलं गेली, धपकन गवतावर पडली, मोठ्याने हसली, पुन्हा चढली. कडेला टक्कल पडलेला एक म्हातारा, तोच न्हावी असणार, मोजत होता : "पाच, सहा, वा वहिनी, सात." बाजूला आणखी तीन-चार जण आपली पाळी यायची वाट बघत होते. एवढंच.

भाऊंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण त्यांनी पट्टा नीट बघितला. मधोमध चक्क झोळ. शी! असा ढिला पट्टा डेपोत कोणी ठेवला असता तर भाऊंनी त्याला दिवसभर सोलून काढलं असतं. मंडळी पाणी प्यायला पलीकडच्या नळावर गेली तशी ते पुढे झाले. खट, खट. उरलेलं टोक दुहेरी करून खोचलं, थाप मारली आणि परत टाकीआड.

ती आली. रोजच्या सवयीने तिने पाय टाकला. झोळाची सवय झालेल्या पायाखाली ताठ पट्टा थरथरला आणि त्याने तिला बाजूला फेकलं. या वेळी ती हसली नाही.

भाऊ धावत आले. न्हावी गोंधळून पट्टा चाचपत होता. "मी ढिलाच ठेवला होता हो. शिकणाऱ्याला झोळच बरा. हा आवळला कोणी?" मनगट धरून बसलेल्या बायकोने झाडाकडे बघितलं. दांड्याशी दुहेरी घडी खोचलेली होती. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि न्हाव्याला म्हणाली, "जाऊ द्या काका."

दवाखान्यात प्लास्टर झालं. सहा आठवडे हात हलवायचा नाही, पट्ट्यावर चढायचं तर नावच नको. भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या शहरात तिचं म्हणून तेवढंच होतं, आणि तेही त्यांनीच घालवलं होतं.

"मला सांगायचं होतंस," घरी आल्यावर ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी आला असतात आवळायला."

"अगं, तू पडशील म्हणून काळजी वाटली."

"रोज पडते मी," ती म्हणाली. "पंधरा-वीस वेळा. लागलं ते आजच."