दुकानात गुणी, घरी नाठाळ

रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक रेडिओ घेऊन जातं आणि किस्सा दुकानात सोडून जातं. नारायणगावात मी बारा वर्षं दुकान चालवलं, ते किस्से अजून पुरताहेत. पण निरगुडसरच्या गेनभाऊंच्या एकट्या रेडिओने जो ताप दिला, तो आठवला की आजही माझं डोकं सणकतं!

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. गेनभाऊंच्या कारभारणीच्या, म्हणजे काशाबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या पुण्याच्या रेडिओवाल्यांनी टेप करून नेल्या होत्या. महिन्याभराने एका संध्याकाळी त्या लागणार होत्या. आणि घरातला जुना पोर्टेबल नेमका पुणे स्टेशन धरेना.

"लावलं की मिनटात सटकतं," गेनभाऊ म्हणाले.

मी बटण फिरवलं. पुणे खणखणीत! अर्धा तास वाजवला, काटा तसूभर हलला नाही. गेनभाऊंनी रेडिओकडे रागाने पाहिलं. "बगा राव! तुमच्यापुढं कसा गुणाचा, अन् घरी माजतो!"

* * *

पुढच्या शनिवारी रेडिओ परत. या वेळी उघडला. आत काट्याची दोरी म्हणून चक्क सुतळी बांधलेली!

"ही कुणी बांधली?"

"मीच. टोमॅटोचं झाड या सुतळीवर उभं ऱ्हातं. तुमचा काटा काय झाडापरास जड हाये?"

सुतळी काढून मी नवी दोरी ओवली.

* * *

तिसऱ्या शनिवारी स्टेशन लावणाऱ्या पत्र्यांचा जुडगा, ज्याला आम्ही गँग म्हणतो, तो पेट्रोलने धुतला. आतून भसाभस तांबूस धूळ निघाली, मला वाटलं रस्त्याची माती. दोन दिवस दुकानात वाजत ठेवला. पठ्ठ्या एकदाही सटकला नाही. घरी गेला, सटकला!

त्यात सुदाम जीपवाल्याने भर घातली. गेनभाऊ कळंबपासून त्याच्याच जीपमधून यायचे. भर बाजारात तो ओरडला, "कळंबला बसला तवा रेडिओ खरखरत व्हता, खड्डे खात हितं आला तर गातोय! दुरुस्ती माजी जीप करती अन् नाव या मेकॅनिकचं व्हतं!"

माणसं हसली. मला संताप याचा की गेनभाऊंनाही ते पटलं! म्हणाले, "तसंबी असंल."

* * *

तारीख चार दिवसांवर आली, तसे गेनभाऊ उगवले आणि शांतपणे म्हणाले, "दुसऱ्या मेकॅनिकला दाखवला. त्यो म्हणला, आदी ज्यानं उघडला त्याला यातलं काय बी कळत न्हाई."

माझा तोल गेला. बारा गावचे रेडिओ या हाताखालून गेलेत! "कुठला तो मेकॅनिक? नाव सांगा!"

"नाव न्हाई ठावं. तुमी जेवाया गेल्ता तवा तुमच्याच खुर्चीत बसला व्हता."

माझा सख्खा धाकटा भाऊ! संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

* * *

शेवटी ठरवलं, आता अब्रूचा प्रश्न आहे. ओव्यांच्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन मी स्वतः निरगुडसरला गेलो. दुपारभर रेडिओ उघडून साफ केला, स्टेशन लावलं आणि समोर मांडी ठोकून बसलो. संध्याकाळी अंगणात अर्धं गाव जमलं. काशाबाई नवं लुगडं नेसून आत-बाहेर करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकायला मिळणार होता त्यांना.

निवेदिकेने गावाचं नाव घेतलं. मग काशाबाईंचं. जात्याची घरघर सुरू झाली.

तेवढ्यात काशाबाई ताट घेऊन आल्या आणि "माजा आवाज घिऊन आला गं बाई" म्हणत त्यांनी हळदीकुंकवाची भली मोठी चिमूट डायलवर सोडली. डायलची काच कधीच फुटून गेलेली. चिमूट थेट आत, गँगच्या पत्र्यांत!

"काकू, अहो थांबा!" मी ओरडलो.

"का? दर शुक्रवारी वाहती की मी."

खर्रर्र! पुणे गेलं. मी स्क्रूड्रायव्हर शोधून, पत्रे झटकून पुणे परत लावेपर्यंत ओव्या संपून खतांची माहिती सुरू झाली होती.

गेनभाऊ उठून उभे राहिले. "चार चकरा मारल्या, राव! पार घरी येऊन बसला, तरीबी तुमाला जमंना?" सगळं अंगण माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघत होतं.

काशाबाईंनी डोळे पुसले. "नका बोलू त्याला. पोरगं आपल्या परीनं करतंय," असं म्हणून त्यांनी ताटातलं उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं.